सार्वजनिक बाग आणि प्रवेशबंदी

सापन आणि बिच्छन या नद्यांच्या परिसरातील अचलपूर व त्यास लागून लष्करी छावणीभोवती वाढलेले परतवाडा ही जोडगावे एकाच नगरपरिषदेच्या कारभारात नांदत आहेत. एकेकाळी वऱ्हाडची राजधानी असलेले एलिचपूर ते हेच. मेळघाटचा डोंगर उतरून मजुरीसाठी, बाजारहाटासाठी वा दवाखान्यासाठी येणारी कोरकू मंडळी परतवाड्यास पोहोचतात आणि परतीच्या गाडीस अवकाश असला म्हणजे सावली पाहून विसावतात. अशा गावातील एखादी सार्वजनिक बाग वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. दुपारी निंबाखाली एक मजूर कुटुंब गाठोडे उशाशी घेऊन पडले आहे. सायंकाळी त्याच बागेत तीन-चार टवाळ तरुण ठरलेल्या बाकावर येऊन बसतात, फिरावयास येणाऱ्या मुलींवर शेरे मारतात, एखाद्या दिवशी दारू पिऊन बाटल्या फोडतात. पंधरवड्यात स्त्रिया यावयाच्या थांबतात, त्यांच्यामागोमाग लहान मुले. तक्रारी होतात आणि चौकीदारास तोंडी सांगितले जाते, ‘नको त्या लोकांना आत येऊ देऊ नकोस.’ दुसऱ्या दिवशी दुपारी तो काठी आपटून त्या मजूर कुटुंबास बाहेर काढतो. सायंकाळी तरुण त्याच बाकावर असतात. त्यांच्या वाटेस जाण्याची त्याची छाती होत नाही.

हे चित्र कल्पित आहे. तथापि तालुक्याच्या गावी काही वर्षे काढलेल्या कोणाही कर्मचाऱ्यास ते अनोळखी वाटणार नाही. सार्वजनिक जागेत उपद्रव करणाऱ्यास प्रतिबंध करणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्यच आहे, कारण त्याच्या उपद्रवामुळे इतर अनेकांवर न बोलता बंदी पडलेली असते. परंतु ‘नको ते लोक’ म्हणजे नेमके कोण, हे ठरविण्याचे काम फाटकावरील काठीवर सोपविले, की ते वेषावरून, बोलीवरून आणि जातीवरून ठरू लागते. नोकरीच्या प्रारंभीच्या काळात, दौऱ्यावर असताना, धुळीने माखलेल्या कपड्यांनिशी प्रस्तुत लेखक एका गावच्या बागेत दुपारी टेकला होता. ‘इथं बसायचं नाही’ असे चौकीदाराने दरडावले. पिशवीतून शासकीय कागद बाहेर आल्यावर त्याच गृहस्थाने पाण्याचा तांब्या आणून दिला! त्या वागणुकीत त्याचा एकट्याचा दोष नव्हता. त्याला कोणता नियम दिलेलाच नव्हता.

सार्वजनिक पैशाने राखलेल्या जागेवर कोणाचा अधिकार, हा प्रश्न महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन सोडविला आहे. सार्वजनिक निधीतून बांधलेली व राखलेली पाणवठ्यांची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुली असावीत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून आपला ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, प्रत्यक्षात झाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्यावर गेले. पुढे वाद न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागावयास १९३७ साल उजाडले. नगरपालिकेच्या ठरावात आणि तळ्याच्या काठावर केवढे अंतर असू शकते, याचे हे उदाहरण पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे.

भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात हा लढा शब्दरूपाने उतरला आहे. राज्याच्या पैशाने पूर्णतः वा अंशतः राखलेल्या किंवा जनतेच्या उपयोगासाठी नेमून दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापराबाबत केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकावर निर्बंध घालता येत नाही. नगरपरिषदेची बाग ही अशीच राबत्याची जागा होय. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणी अडविल्यास १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाखाली तो गुन्हा ठरतो. एकोणिसावा अनुच्छेद देशभर मुक्तपणे संचार करण्याचे स्वातंत्र्य देतो, मात्र सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी कायद्याने त्यावर वाजवी निर्बंध घालण्यासही मुभा देतो. प्रवेशबंदीचा सारा विचार या दोन टोकांच्या मध्ये करावयाचा आहे. बंदी कृत्यावर असावी, आणि ती कायद्याने असावी.

माणसाच्या कृत्याऐवजी त्याच्या जमातीवर संशय ठेवण्याचा प्रयोग या देशात होऊन गेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या अनेक समाजांच्या माथी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. हजेरी, परवाना, हद्दीबाहेर जाण्यास मनाई असे त्याचे स्वरूप होते. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो रद्द झाला. परंतु बागेत, बाजारात वा बसस्थानकावर एखादे पारधी कुटुंब दिसताच भुवया उंचावण्याची सवय त्या कायद्याबरोबर रद्द झाली नाही, हे मान्य केले पाहिजे.

आता व्यवहाराकडे वळू. बागेची वेळ ठरविणे, रात्री फाटक बंद करणे, झाडे तोडण्यास, मद्यपानास, वाहन आत आणण्यास मनाई करणे हे नियम सर्वांना सारखे लागू असतात. त्यात कोणाच्या हक्काचा भंग नाही. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ अन्वये नगरपरिषदेस उपविधी करता येतात. त्यासाठी ठरवून दिलेली पद्धत व मंजुरी आवश्यक असते, आणि हे काम कंटाळवाणे असल्याने बहुधा मागे पडते. नियम मोडणाऱ्यास त्या वेळेपुरते बाहेर जाण्यास सांगणे ही एक गोष्ट. अमुक इसमाने यापुढे सहा महिने बागेत पाऊल टाकू नये असे फर्मावणे ही अगदी निराळी गोष्ट. या दुसऱ्या आज्ञेस कायद्याचा स्पष्ट आधार लागतो. मुख्याधिकाऱ्यांची सही वा नगराध्यक्षांचा शब्द एवढ्याने तो निर्माण होत नाही.

कित्येकदा बंदीची गरजही नसते, कारण उपद्रवाचे कृत्य हे स्वतंत्रपणे गुन्हाच असते. सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन करणे वा शांतताभंग होईल अशी शिवीगाळ करणे याबाबत महाराष्ट्र पोलीस अधिनियमात तरतुदी आहेत. मुलींचा पाठलाग करणे, अश्लील शेरे मारणे हे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेखाली, आणि त्यापूर्वी दंड संहितेखालीही, शिक्षेस पात्र आहे. असे असता पोलीस ठाण्यात तक्रार नोंदविण्याऐवजी ‘त्यांना आत घेऊ नका’ असे चौकीदारास सांगणे म्हणजे गुन्ह्याची बोळवण करून प्रश्न फाटकाबाहेर ढकलणे होय. फाटकाबाहेर रस्ता असतो आणि मुली त्याच रस्त्याने शिकवणीला जातात.

व्यक्तीला एखाद्या क्षेत्रातून दूर ठेवण्याची आपल्या राज्यातील परिचित कार्यवाही म्हणजे तडीपारी. बागेतील बंदी हे तिचे फार लहान भावंड असले तरी थोरल्या भावाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ प्रमाणे, ज्याच्या कृत्यांमुळे लोकांच्या जीवितास वा मालमत्तेस धोका आहे आणि ज्याच्याविरुद्ध साक्ष देण्यास लोक भीतीमुळे पुढे येत नाहीत, अशा इसमास हद्दीबाहेर जाण्याचा आदेश देता येतो. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये वैध ठरविली. पण अधिनियमानेच तिला कुंपण घातले आहे. आरोपांचे साधारण स्वरूप लेखी कळविले पाहिजे, स्पष्टीकरणाची व साक्षीदार आणण्याची संधी दिली पाहिजे, वकिलामार्फत बाजू मांडू दिली पाहिजे. आदेशाची मुदत दोन वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि तीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते.

हे कुंपण केवळ शोभेचे नाही. अहमदाबादेत १९६७ साली एका इसमास याच कलमाखाली हद्दपार करण्यात आले. आदेश मोडून परत आल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. त्याला म्हणणे मांडण्याची योग्य संधी मिळाली नव्हती. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, असा आदेश प्रारंभापासूनच शून्यवत होय, आणि म्हणून तो मोडल्याबद्दल शिक्षाही होऊ शकत नाही. सुनावणी टाळून वेळ वाचविल्याचे समाधान मानणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा निकाल अवश्य ध्यानी ठेवावा. घाईने काढलेला आदेश उपद्रवी माणसाच्याच हाती ढाल देतो. मुंबईच्या पदपथवासीयांच्या प्रकरणी १९८५ मध्ये न्यायालयाने हेच तत्त्व महानगरपालिकेच्या कायद्यास लावले. विनानोटीस अतिक्रमण हटविण्याचा अधिकार आहे म्हणून तो सदैव विनानोटीस वापरावा असे नाही; ज्याच्यावर कारवाई व्हावयाची त्याचे ऐकून घेणे हा नियम, न ऐकणे हा निकडीच्या प्रसंगीचा अपवाद.

आपल्याच जिल्ह्यातील एक प्रकरण तर अलीकडचे आहे. अमरावतीच्या एका पत्रकाराने काही शैक्षणिक संस्थांना मिळालेल्या शासकीय निधीबाबत माहिती अधिकारात अर्ज केले होते, तक्रारी केल्या होत्या. त्याला अमरावती शहर व ग्रामीण हद्दीतून एक वर्षासाठी तडीपार करण्यात आले. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि असे कठोर उपाय अपवादात्मक परिस्थितीतच योजावेत असे बजावले. त्यानंतर पाच महिन्यांनी, जानेवारी २०२२ मध्ये, जालना जिल्ह्यातील दुसऱ्या प्रकरणी कमाल म्हणजे दोन वर्षांची मुदत कारणे न देता लावल्याबद्दलही न्यायालयाने दोष दाखविला. तक्रार करणारा माणूस कार्यालयास उपद्रवी वाटतो, हे खरे आहे. बागेतील तुटलेल्या झोपाळ्याबद्दल दर सोमवारी अर्ज देणारे निवृत्त शिक्षक आणि बाटल्या फोडणारा तरुण यांतील भेद मात्र कार्यालयास कळलाच पाहिजे.

परदेशांतही हा पेच आहे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने पोलिसांस उपद्रवी इसमाला विशिष्ट परिसर सोडण्यास सांगता येते, परंतु जास्तीत जास्त ४८ तासांसाठी. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सेंट पीटर्सबर्ग शहराने बेघरांना उद्यानांतून बंदीच्या ताकिदी दिल्या होत्या. त्या ताकिदीविरुद्ध दाद मागण्याची सोयच नव्हती. २०११ मध्ये तेथील संघीय अपील न्यायालयाने या कारणावरून बेघरांची तक्रार ग्राह्य मानली.

तेव्हा अचलपूरसारख्या नगरपरिषदेने काय करावे? उपविधीत प्रवेशबंदीची तरतूद करावयाचीच असेल तर ती करताना कोणते कृत्य बंदीस पात्र, हे साध्या शब्दांत लिहावे. ‘गैरवर्तन’ हा शब्द पुरेसा नाही. त्यात काहीही बसते. तरुण-तरुणींनी शेजारी बसणे, मजुराने झाडाखाली झोपणे, वेडसर माणसाने स्वतःशी बोलणे यांपैकी कशानेही दुसऱ्याचा बागेवरील हक्क हिरावला जात नाही. मनोरुग्ण निराधार भटकत असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने त्याला संरक्षण देण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. त्याला हुसकावून दुसऱ्या वॉर्डात पाठविणे हा त्यावरील उपाय नव्हे. चौकीदाराजवळ एक साधी नोंदवही असावी. तारीख, वेळ, काय घडले, कोणी पाहिले, कोणती ताकीद दिली, एवढे त्यात यावे. ताकीद देऊनही प्रकार थांबला नाही तर लेखी नोटीस, म्हणणे मांडण्यास दिवस, आणि मग कारणे नमूद केलेला आदेश. तो त्या बागेपुरता, मोजक्या मुदतीचा असावा आणि अपील कोणाकडे करावे हे त्याच कागदावर छापलेले असावे. बागेतूनच शाळेची वा दवाखान्याची वाट जात असेल तर तेवढी मोकळीक ठेवावी. तक्रारदार स्त्रियांची नावे नोटिशीत उघड करण्याचे कारण नाही; आरोपाचे स्वरूप, दिवस व वेळ कळली म्हणजे उत्तर देता येते.

शिक्षकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. उपद्रव करणाऱ्यांत पुष्कळदा अठरा वर्षांखालील मुले असतात. त्यांची छायाचित्रे फाटकावर लावण्याचा उत्साह काही ठिकाणी दिसतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने कायद्याशी संघर्षात आलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. शाळेने पालकांना बोलावावे, मुलाला शनिवारी माळ्याच्या हाताखाली रोपांना पाणी घालावयास लावावे. पण तेही पालकांच्या संमतीने, आणि सर्वांदेखत अपमान न करता.

शेवटी फलकाविषयी. बहुतेक बागांच्या फाटकावर उद्घाटकांच्या नावांचा संगमरवरी शिलालेख असतो आणि नियमांचा पत्रा गंजलेला असतो. अचलपुरात मराठीबरोबर उर्दू वाचणारे नागरिक मोठ्या संख्येने आहेत, परतवाड्याच्या बाजारात हिंदी सर्रास चालते. नियम या तिन्ही भाषांत, मोठ्या अक्षरांत लिहावेत आणि त्याखाली तक्रार कोठे करावी तो दूरध्वनी क्रमांक द्यावा. डोंगरातून आलेल्या ज्या माणसास यांपैकी कोणतीच लिपी वाचता येत नाही, त्याला ते नियम वाचून दाखविणे हे चौकीदाराच्या कामात लेखी समाविष्ट करावे.