बाष्पयुगाचा वेश आणि मुंबईचे उपनगर

वेश ही केवळ देहाची गरज नसून ती एक संहिता आहे, हे चिन्हमीमांसेच्या परिचयानंतर मराठी समीक्षेला नव्याने सांगण्याची आवश्यकता उरलेली नाही. मात्र ही संहिता कोणी रचावी, ती कोणत्या काळाच्या लिपीत लिहावी आणि तिचे वाचन कोणी करावे, या प्रश्नांचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने रंगभूमीच्या, म्हणजे कपडेपट व रंगभूषा यांच्या संदर्भातच झालेला दिसतो. रंगमंचाबाहेर, हाती कोणतेही नाटक नसताना, निव्वळ हौसेने भूतकाळाचा वेश धारण करणाऱ्यांची जी उपसंस्कृती गेल्या काही दशकांत आकाराला आली, तिच्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ‘स्टीमपंक’ या नावाने ओळखला जाणारा प्रवाह हे तिचे एक पाश्चात्त्य रूप होय. त्याचे मूळ एका कथाप्रकारात असल्यामुळे तो साहित्याच्या विद्यार्थ्याच्या अभ्यासकक्षेत येतोच. परंतु मुंबईच्या उपनगरांतील त्याचे समांतर रूप पाहू लागताच काही अडचणीचे प्रश्नही उपस्थित होतात.

‘स्टीमपंक’ हा शब्द के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन कादंबरीकाराने १९८७ मध्ये ‘लोकस’ या विज्ञानसाहित्यविषयक नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात प्रथम योजला. स्वतः जेटर, टिम पॉवर्स आणि जेम्स ब्लेलॉक यांनी व्हिक्टोरिया राणीच्या काळात कल्पिलेल्या अद्भुत कथांना एखादे नाव हवे, म्हणून तेव्हा चलनात असलेल्या ‘सायबरपंक’ या संज्ञेवर केलेली ती थट्टेखोर कोटी होती. विल्यम गिब्सन व ब्रूस स्टर्लिंग यांच्या ‘द डिफरन्स एंजिन’ (१९९०) या कादंबरीने तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. चार्ल्स बॅबेजचे गणनयंत्र प्रत्यक्षात पूर्णत्वाला गेले असते तर एकोणिसाव्या शतकाचे रूप काय झाले असते, ही या कादंबरीमागील कल्पना. इतिहासाच्या एखाद्या वळणावर ‘असे झाले असते तर’ असा प्रश्न विचारून तेथून दुसरीच वाट काढणे, हा या वाङ्मयप्रकाराचा गाभा आहे. वाचकांनी पुढे हा प्रश्न कादंबरीबाहेर आणला आणि अंगावर घातला. पितळी दातेरी चाके, चामडी पट्टे, घट्ट चोळ्या, उंच टोप्या आणि कपाळावर चढविलेले गॉगल ही या वेशाची परिचित चिन्हे झाली.

या प्रवाहाचे अनुयायी ज्याला आपला पूर्वसूरी मानतात, तो ज्यूल व्हर्न मराठी वाचकाला परका नाही. भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे तो मराठी घरांतील मुलांचा लेखक झाला. तथापि व्हर्नचे भारताशी असलेले नाते मुलांच्या पुस्तकांतून जाणवते त्याहून अधिक गुंतागुंतीचे आहे. ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ घालणारा फिलिअस फॉग मुंबईला उतरतो आणि जी.आय.पी. रेल्वेने निघतो, त्याची गाडी साष्टी बेट ओलांडून कल्याणकडे जाते. याचा अर्थ असा की, आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या भूमीवरून बाष्पयुगाचा हा सर्वांत प्रसिद्ध काल्पनिक प्रवासी गेलेला आहे, अर्थात खिडकीबाहेर फारसे न पाहता. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हर्नच्या आणखी एका कादंबरीत वाफेवर चालणारा एक पोलादी हत्ती इंग्रज प्रवाशांची फिरती घरे ओढत उत्तर हिंदुस्थानातून जातो. या कथेतील प्रतिनायक आहे नानासाहेब पेशवा. अखेरीस त्याला हत्तीच्या मानेवर बांधले जाते आणि हत्तीचा बाष्पक फुटतो. यंत्र, साम्राज्य आणि १८५७ चा पराभूत नायक यांची अशी गाठ अन्यत्र क्वचितच सापडेल. नंतरच्या अभिरुचीने ज्याला ‘स्टीमपंक’ म्हटले असते, ते वाहन मराठी स्मृतीतील एका पुरुषाच्या अंताचे साधन म्हणून कल्पिले गेले, ही बाब मराठी अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

मूळ प्रश्न येथेच आहे. इंग्रज किंवा अमेरिकन हौशी व्यक्ती व्हिक्टोरियन कोट चढविते तेव्हा ती आपल्या आजोबा-पणजोबांची पेटी उघडत असते. मुंबईकराने तोच कोट घातला तर तो कोणाच्या पेटीत हात घालतो? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी ज्यांनी पाहिली, त्यांचा आणि त्या गाडीच्या मालकांचा वेश एक नव्हता. वाफेचे युग हे आपल्याकडे पारतंत्र्याचे युग आहे. पाश्चात्त्य लेखकांनाही याची जाणीव नव्हती असे नाही. मायकेल मूरकॉकच्या ‘द वॉरलॉर्ड ऑफ द एअर’ (१९७१) या कादंबरीत हिंदुस्थानच्या ईशान्य सीमेवरील एक इंग्रज कप्तान १९०२ मधून एकदम १९७३ मध्ये येऊन पडतो आणि साम्राज्य अद्याप टिकून असल्याचे पाहून प्रथम सुखावतो. पुढे मात्र त्या सुखाची किंमत कोण मोजत आहे हे त्याला दिसू लागते. पाश्चात्त्य हौशी मंडळींतही शैली जुनी घ्यावी, मूल्ये जुनी घेऊ नयेत, अशा अर्थाची एक घोषणा अलीकडे रूढ झाली आहे. घोषणा चांगली आहे. परंतु वस्त्रातून मूल्य इतक्या सहजपणे उसवून काढता येते काय, हा प्रश्न तिने सुटत नाही.

उपनगरांत या हौसेचे एक आयातित रूप आहे आणि एक देशी रूप आहे. आयातित रूप दिसते ते ‘कॉमिक कॉन’सारख्या मेळाव्यांत. भारतात असा पहिला मेळावा २०११ मध्ये दिल्लीत भरला. त्यानंतर मुंबईतही ते भरू लागले आणि गोरेगावचे प्रदर्शन संकुल हे त्यांचे ठिकाण म्हणून परिचित झाले. येथे चित्रकथांतील व चित्रपटांतील पात्रांचे वेश करून तरुण-तरुणी येतात; बाष्पयुगीन वेश त्यांत थोडेच असतात. लक्ष वेधून घेते ती या वेशांची घडण. दोन खोल्यांच्या घरात फोमच्या पत्र्यांतून कवच कापले जाते, गरम डिंकाच्या पिस्तुलाने ते सांधले जाते, त्यावर पितळी रंगाचा फवारा मारून ते गॅलरीत वाळत ठेवले जाते, आणि शेजारच्या शिंप्याला त्याने कधीही न शिवलेला कोट चित्र दाखवून समजावून सांगितला जातो. घड्याळाची निकामी चाके मिळविण्यासाठी चोरबाजार पालथा घातला जातो. एखाद्या नाटकमंडळीच्या कपडेपटात जे काम चार माणसे वाटून घेत, ते येथे एकच व्यक्ती करते. लेखक, शिंपी, रंगारी आणि नट ही सारी तीच. मुंबईच्या दमट हवेत लोकरी कोट आणि चामडी पट्टे घालून लोकलच्या गर्दीत शिरणे हा या कलेतील सर्वांत अवघड प्रवेश म्हणावा लागेल!

मराठीत या कृतीसाठी एक जुना शब्द आहे, तो म्हणजे ‘सोंग’. बोहाड्यातील मुखवट्यांची सोंगे, दशावतारातील सोंगे, दारोदार फिरणारा बहुरूपी ही परंपरा सर्वपरिचित आहे. या शब्दाला अर्थाच्या दोन कडा आहेत. सोंग ‘आणणे’ म्हणजे देवादिकांना आपल्या देहात जागा देणे. सोंग ‘करणे’ म्हणजे लबाडी करणे. पाश्चात्त्य संज्ञेत ही दुसरी कडा नाही. आपल्या भाषेने वेश घेणाऱ्याविषयीचा आदर आणि संशय एकाच शब्दात साठवून ठेवला आहे, आणि पुढील विवेचनात दोहोंचीही गरज पडणार आहे.

देशी रूप मात्र कोणत्याही मेळाव्याच्या तिकिटाविना रस्त्यावर दिसते. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रांची प्रथा १९९९ मध्ये डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत ठाणे, गिरगाव, मुलुंड, विलेपार्ले, बोरिवली अशी पसरली. या यात्रांतील सर्वाधिक छायाचित्रित दृश्य म्हणजे नऊवारी नेसलेली, नाकात नथ, डोक्यावर फेटा आणि डोळ्यांवर काळा गॉगल चढवून बुलेट चालविणारी तरुणी. हिने स्टीमपंक हा शब्द ऐकला असण्याचे कारण नाही. पण जुना वेश, उघडेवाघडे दणकट यंत्र आणि गॉगल हे त्या प्रवाहाचे तिन्ही घटक येथे आपोआप एकत्र आलेले आहेत. एवढेच नव्हे, तर ‘असे झाले असते तर’ हा प्रश्नही येथे आहे. नऊवारी नेसणाऱ्या पणजीच्या हाती वाहनाची सूत्रे असती तर काय झाले असते? कास मारलेल्या नऊवारीत घोड्यावर बसता येते हे परंपरेला ठाऊक होते. पाचवारीने आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील शालीनतेच्या कल्पनांनी जे पाय मिटवले, ते येथे पुन्हा मोकळे होतात.

बुलेटचा इतिहासही या संदर्भात मनोरंजक आहे. हे नाव इंग्लंडमध्ये १९३२ पासूनचे. १९५५ मध्ये मद्रास येथे तिचे काम सुरू झाले; इंग्लंडमधील मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, मद्रासची मात्र चालू राहिली. साम्राज्याच्या घरी मेलेले यंत्र वसाहतीत जिवंत राहिले आणि तेथलेच झाले. पाश्चात्त्य लेखकांना जो पर्यायी इतिहास कल्पनेने रचावा लागतो, त्याचा एक तुकडा पाडव्याच्या सकाळी प्रत्यक्ष रस्त्यावर धडधडत जातो.

नऊवारीच्या ‘प्राचीनते’विषयीही सावधपणे बोलले पाहिजे. वस्त्र जुने आहे यात शंका नाही. परंतु आज डोळ्यांसमोर येणारी तिची वैभवशाली प्रतिमा बऱ्याच अंशी छापील आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये सुरू केलेला शिळाछापाचा छापखाना काही काळ घाटकोपर येथे होता. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला. यंत्रे जर्मनीतून आणलेली, तंत्रज्ञही जर्मन. या छापखान्यातून निघालेल्या देवी आणि पुराणनायिका घरोघरच्या भिंतींवर पोहोचल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचे नेसणेही पोहोचले. जी प्रतिमा आपण परंपरा म्हणून अंगावर घेतो, ती घडण्यात घाटकोपरच्या एका आयात यंत्राचा वाटा आहे. पुढे बालगंधर्वांच्या भूमिकांनी स्त्रियांच्या वेशभूषेला वळण दिले. म्हणजे नेसण्याची रीत चित्राकडून आणि पुरुष नटाकडून शिकली गेली. अस्सल आणि सोंग यांची सीमारेषा मराठी वेशेतिहासात फार पूर्वीच पुसट झाली होती.

तरीही हा सारा खेळ निरुपद्रवी आहे, असे मानता येणार नाही. यात्रेतील भूतकाळ बहुधा शिवकाळ किंवा पेशवाईचा असतो, आणि त्यातही दरबाराचा. पगडी, अंगरखा, उपरणे, भिकबाळी यांचे जे दर्शन तेथे अभिमानाचा विषय होते, त्याच वेशाकडे ‘घाशीराम कोतवाल’ने १९७२ मध्ये किती वेगळ्या नजरेने पाहिले होते! तेथे तीच पगडी-धोतरे भिंत होऊन उभी राहतात आणि त्या भिंतीआड काय चालले आहे ते प्रेक्षकाला दिसते. कपडेपट एकच, अन्वयार्थ दोन. मिरवणुकीत पडद्यामागचे काही दाखविण्याची सोय नसते.

याहून कठीण साक्ष महाडची आहे. डिसेंबर १९२७ मधील महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून केलेल्या भाषणात लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्याचा, ज्या राहणीवरून जात ओळखू येते ती राहणी आणि अंगावरचे जड दागिने टाकून देण्याचा आग्रह धरला होता. ज्यांचे लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले असे, त्यांच्यासाठी जुना वेश ही स्मृती नव्हती, ती खूण होती. मीनाक्षी मून व उर्मिला पवार यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथातून त्या चळवळीतील स्त्रियांचे जीवन समोर येते. जुना वेश पुन्हा धारण करणे ही एका समूहाला हौस वाटते, तेव्हा तो उतरविणे हीच दुसऱ्या समूहाची निर्मिती होती, याचे भान ठेवावे लागते. स्वतः बाबासाहेबांचा कोट-टाय हा या दृष्टीने वसाहतीच्या वेशाचा अगदी वेगळा उपयोग आहे. साहेबाचा कोट घालणे म्हणजे नेहमी साहेबाचीच पेटी उघडणे नव्हे, हे त्यातून दिसते. वर उपस्थित केलेल्या प्रश्नाचे हे एक उत्तर होऊ शकते, आणि ते मेळाव्यातील कोणत्याही कोटाहून अधिक धाडसी आहे.

याच कारणासाठी भूतकाळाच्या वेशाचे आणखी एक रूप दुर्लक्षून चालणार नाही. ३ जानेवारीला शाळाशाळांतून लहान मुली सावित्रीबाई फुले होऊन येतात. आईचे किंवा आजीचे लुगडे, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पुस्तक; कपडेपट एवढाच. सुषमा देशपांडे यांच्या ‘व्हय मी सावित्रीबाई’ या एकपात्री प्रयोगाने रंगभूमीवर जे केले, त्याचे हे घरगुती प्रतिरूप म्हणता येईल. येथे बुलेट नाही, पितळी चाक नाही. मात्र या वेशातील यंत्र म्हणजे पुस्तक, आणि तेही त्या काळी स्त्रीच्या हाती अद्भुतच होते.

अलीकडे शिवलेली नऊवारी मिळते. तिला नेसावे लागत नाही. ती चढविली जाते आणि बंद वा चेन लावली की काम भागते. नऊ वार वस्त्र टाक्याविना देहाला बांधण्याचे जे ज्ञान आईकडून मुलीकडे जात असे, ते शिलाईयंत्राने एका शिवणीत बंद केले, अशी तक्रार जाणती मंडळी करतात. तक्रार रास्त आहे. पण या शिवणीमुळेच, ज्यांच्या घरात नऊवारी दोन पिढ्यांपूर्वी सुटली किंवा मुळात कधी नव्हतीच, अशा मुलीही ती घालू शकतात, हेही खरे. आणि बाष्पयुगीन वेशाचे जे तत्त्व, जुने रूप नव्या कारागिरीने साधण्याचे, ते येथे अगदी तंतोतंत पाळले गेले आहे.

शेवटी पुन्हा व्हर्न. पाणबुडीचा कप्तान नेमो हे बाष्पयुगीन वेश करणाऱ्यांचे जगभर आवडते पात्र आहे, आणि तो सहसा युरोपीय नौदल अधिकाऱ्याच्या कोटात दाखविला जातो. परंतु ‘रहस्यमय बेट’ या १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या कादंबरीत व्हर्नने त्याची ओळख उघड केली आहे: तो बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात लढलेला. मुलुंडचा किंवा अंधेरीचा एखादा हौशी तरुण नेमोचे सोंग घेऊ पाहील, तेव्हा गॉगल आणि पितळी चाके सहज जमतील. डोक्यावर बुंदेली पागोटे बांधायचे की कप्तानाची टोपी घालायची, आणि ते पागोटे बांधणारा कारागीर कोठे शोधायचा, हे मात्र त्याला कापडाला कात्री लावण्यापूर्वी ठरवावे लागेल.