'नंतर जाऊ' म्हणताय?

विरारहून चर्चगेट, दीड तासाचा प्रवास. लोकलमध्ये टॉयलेट नाही. मग काय, निघताना पाणीच प्यायचं नाही! ऑफिसात पोचलं की मीटिंग, डेडलाइन... 'नंतर जाऊ' म्हणता म्हणता संध्याकाळ होते. आणि एक दिवस लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं सुरू होतं. हाच तो यूटीआय, म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग.

बायकांनाच जास्त का? त्यांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषांचा साधारण २०. त्यामुळे आतड्यातले ई-कोलाय जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोचतात. लघवीबरोबर ते धुतले जातात. पण पाणी कमी आणि लघवी तुंबवलेली, तर त्यांना रान मोकळंच!

वारंवार हा त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर जादा पाणी पिणाऱ्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा.

तेव्हा मैत्रिणींनो, पाण्याची बाटली डेस्कवर हवीच. लघवी लागली की उठा. धुताना-पुसताना हात पुढून मागे. शरीरसंबंधानंतर लघवीला जाऊन या. थंडी-ताप, कंबरेच्या वर पाठीत दुखणं किंवा लघवीतून रक्त दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा. मैत्रिणीच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या नकोत.

मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली, ती स्वच्छ, मोफत मुताऱ्यांसाठी. मग ऑफिसचं टॉयलेट घाण असेल, तर एचआरला सांगायला लाज कसली?