गोतावळ्यासह गारठ्याच्या समुद्रावर

सेवाग्रामपासून समुद्र फार लांब. रेल्वेने मुंबई गाठायची म्हटलं तरी साडेसातशे किलोमीटर. आमच्याकडचं मोठं पाणी म्हणजे पवनारची धाम नदी, आणि थंडी म्हणजे जानेवारीतली पहाट, जी दहा वाजेपर्यंत उन्हात विरघळून जाते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर चढतो. अशा गावातल्या माणसांना बर्फाळ समुद्रावर बोटीने फिरायला जावंसं का वाटावं? पण वाटतं. पूर्वी चारधाम किंवा अजमेर झालं की माणूस तृप्त असायचा. आता मुलं परदेशी आहेत, निवृत्तीचे पैसे हाताशी आहेत, आणि नऊ घरांतली तेवीस माणसं एकदम 'आपण सगळेच जाऊ' असं म्हणतात. तशीच आम्ही गेलो. थंडीचं काय करायचं हे लोक विचारतात. खरं म्हणजे विचारायला हवं ते तेवीस माणसांचं काय करायचं हे.

आधी जायचं कुठे ते पाहू. आपल्या हिवाळ्यात थंड समुद्राच्या दोन वाटा आहेत. एक दक्षिणेची, अंटार्क्टिकाची. तिथे तेव्हा उन्हाळा असतो, म्हणून बोटी नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात जातात. बहुतेक बोटी अर्जेंटिनातल्या उश्वाया बंदरातून सुटतात आणि ड्रेकची खाडी ओलांडायला दोन दिवस घेतात. ही खाडी जगातल्या सर्वांत खवळलेल्या पाण्यांपैकी एक. तिथे एका वेळी शंभरांहून जास्त प्रवासी किनाऱ्यावर उतरवत नाहीत, आणि पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या बोटीवरून तर कोणालाच उतरता येत नाही. आपल्या देशाची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली होती ती गोव्याहून, ६ डिसेंबर १९८१ रोजी. डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जण 'पोलर सर्कल' नावाच्या नॉर्वेच्या भाड्याच्या बोटीने गेले आणि ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर उतरले. ते शास्त्रज्ञ होते, निवडलेले होते, धडधाकट होते. आमच्यात गुडघेदुखीचे सहा आणि साखरेचे आठ. म्हणून आम्ही दुसरी वाट धरली, उत्तरेची.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याने बर्गनपासून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत रोज एक बोट निघते. ही सेवा १८९३ साली सुरू झाली. तिचं नाव हुर्टिग्रुटेन, म्हणजे जलद मार्ग. २०२१ पासून दोन कंपन्या मिळून ती चालवतात. जाऊन-येऊन बारा दिवस आणि चौतीस बंदरं. अटलांटिकमधून वर येणाऱ्या कोमट प्रवाहामुळे हा किनारा ध्रुववृत्ताच्या वरही गोठत नाही, म्हणून भर हिवाळ्यातही बोट चालते. ट्रॉम्सोला जानेवारीत सरासरी उणे तीन-चार अंश असतं, किर्केनेसला त्याहून खाली.

पण ही मूळची टपालाची आणि मालाची बोट आहे, हे ध्यानात ठेवावं. तिथले लोक तिने एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात, जसे आपण वर्ध्याहून पुलगावला. कुठल्या बंदरात ती पंधरा मिनिटं थांबते, कुठे चार तास. रात्री दोन वाजताही एखादं बंदर येतं. आणि ती कोणासाठी खोळंबत नाही. एस. टी.च्या कंडक्टरला 'दादा, आमची एक बाई यायची आहे' म्हणता येतं, इथे म्हणता येत नाही. आम्ही तेवीस जणांच्या जोड्या लावल्या, एक जोडी तिघांची. आपला जोडीदार बोटीवर परत आला की नाही एवढंच प्रत्येकाने पाहायचं. एकाने तेवीस माणसं मोजत बसायचं ठरवलं असतं, तर त्याचा प्रवास मोजण्यातच संपला असता. नवरा-बायकोची जोडी मात्र लावू नये. दोघांचंही एकाच दुकानात मन रमतं, किंवा एकाच कारणावरून भांडण होतं, आणि दोघंही मागे राहतात.

सामानाविषयी सेवाग्रामच्या माणसाने बोलावं आणि १९३१ ची आठवण काढू नये, असं कसं होईल? दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी २९ ऑगस्टला मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले. बरोबर महादेवभाई, प्यारेलाल, देवदास आणि मीराबेन. विलायतेची थंडी म्हणून मित्रमंडळींनी काय काय बांधून दिलं होतं. बोट सुटल्यावर बापूंनी त्या ट्रंका आणि सुटकेसा पाहिल्या आणि सोबत्यांची चांगलीच हजेरी घेतली. एडन आलं तेव्हा जास्तीचं सामान तिथून परत पाठवण्यात आलं. महादेवभाईंनी हे सगळं नोंदवून ठेवलं आहे. आश्रमात महादेव कुटीसमोर उभं राहिलं की मला ते एडनचं बंदर आठवतं. परतीचा प्रवास खरा हिवाळ्यातला. १४ डिसेंबरला इटलीतल्या ब्रिंडिसीहून 'पिल्सना' बोट, आणि २८ डिसेंबरला मुंबई. सोबत प्रिव्हा नावाचं एक स्विस दांपत्य, ऐन वेळी यायचं ठरवलेलं. चौदा दिवस बोटीवर करायचं काय, हा प्रश्न त्या मंडळींना पडला नाही, कारण प्रार्थना, कताई आणि पत्रं जमिनीवर होती तशीच पाण्यावर चालू राहिली. नाताळही बोटीवरच उजाडला आणि त्या सकाळी बापू नाताळविषयीच बोलले. मुंबईत उतरले तोवर जवाहरलाल तुरुंगात गेले होते आणि खान अब्दुल गफार खानही. ४ जानेवारीला स्वतः बापूंना अटक झाली.

आम्ही काही एवढे विरक्त नव्हतो. तरी माणशी एकच बॅग, हा नियम पाळला. थंडीला जाड कोट लागतो हा समज अर्धाच खरा आहे. अंगाला चिकटून लोकरीचा पातळ थर, त्यावर उबदार थर, आणि सर्वांत वर वारा अडवणारं जाकीट, असे तीन थर लागतात. आतून सुती बनियन घालू नये. सूत घाम शोषून घेतं, ओलं राहतं आणि अंग गार पाडतं. खादीच्या गावातून हे सांगायचं म्हणजे धाडसच, पण खादीत लोकरही असते. बोटीच्या आत मात्र एवढी ऊब असते की आमच्या काकू सुती साडीवर वावरल्या. बुटांना खाली टोचे बसवायचे मिळतात, ते मात्र नक्की घ्यावेत. बंदरातल्या बर्फावर घसरून म्हातारपणी मांडीचं हाड मोडणं हा या प्रवासातला सर्वांत साधा आणि सर्वांत मोठा धोका आहे.

खाण्याचा फार बाऊ करू नये. आमच्या घरच्यांना मासळीची अडचण नव्हती, कारण माशाला जबह लागत नाही. शाकाहारी मंडळींचं बुकिंगच्या वेळीच कळवलं होतं, तरी बटाट्याशी त्यांची फार जवळून ओळख झाली. दूध-तुपाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपाबाहेरून नेता येत नाहीत, म्हणून पेढे घरी ठेवून चिवडा आणि जवसाची चटणी नेली. पाचव्या दिवशी चटणीला सोन्याचा भाव आला होता.

आता समुद्र. बराचसा मार्ग बेटांच्या आडोशाने जातो, पण काही टप्पे उघड्या पाण्याचे आहेत. मोल्डे आणि क्रिस्टियानसुंड यांच्यामधला हुस्ताडविका हा त्यातला बदनाम टप्पा. २३ मार्च २०१९ रोजी याच पाण्यात 'व्हायकिंग स्काय' नावाच्या मोठ्या प्रवासी बोटीची इंजिनं वादळात बंद पडली. वंगणाचं तेल कमी होतं आणि बोट इतकी हलली की पंपांना ते मिळेना. बोटीवर १३७३ माणसं होती. हेलिकॉप्टरने एकेकाला दोराने वर ओढून ४७९ जणांना रात्रभरात सोडवलं. बाकीच्यांना घेऊन बोट दुसऱ्या दिवशी मोल्डेला लागली. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. अशा वेळी कुटुंब एकत्र राहीलच असं नसतं, म्हणून सांगतो. आमच्याकडे सगळ्यांची औषधं एका भाचीच्या पिशवीत ठेवण्याचा बेत होता, कारण ती नर्स आहे. तो आम्ही मोडला. ज्याची गोळी त्याच्या खिशात, आणि पासपोर्टची प्रतही. बोट लागणाऱ्यांनी खोली मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी, तिथे हेलकावा कमी जाणवतो. गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी, नंतर ती पोटात राहत नाही.

या किनारी बोटींवर डॉक्टर नसतो. कर्मचाऱ्यांना प्रथमोपचार येतात, आणि गरज पडली तर पुढच्या बंदरात रुग्णाला उतरवतात. हे कळल्यावर घरात दोन तट पडले. माझ्या अम्मीचं वय शहात्तर, आणि तिच्या हृदयात एक स्टेंट. भाऊ म्हणाला, नको. अम्मी म्हणाली, माझी आई गेली होती. ते खरं होतं. १९७३ साली हज जानेवारीत आला होता, आणि नानी मुंबईच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम करून बोटीने जिद्दाला गेली होती. मोगल लाइनच्या त्या बोटींवर हजार-दीड हजार माणसं असत. घरचे लोक कफनाचं कापड बरोबर बांधून देत, आणि त्यात कोणाला अशुभ वाटत नसे. १९९५ नंतर बोटीचा हज बंद झाला, म्हणून अम्मी गेली ती विमानाने. नानीची बोट तिने फक्त ऐकली होती. शेवटी निर्णय आम्ही भावाबहिणींनी घेतला नाही. तिच्या डॉक्टरांनी तिला न थांबता दोन जिने चढायला लावले, तपासण्या केल्या, आणि एक प्रश्न विचारला: 'वाटेत परक्या गावच्या दवाखान्यात एकटीला ठेवावं लागलं, तर चालेल का?' ती म्हणाली, एकटीला का, एक जण राहील ना माझ्याबरोबर. मग कोण राहील हे नावानिशी ठरलं, त्याच्या परतीच्या जादा तिकिटाचे पैसे वेगळे काढले आणि तेव्हाच ती आली. म्हाताऱ्या माणसाला न्यायचं असेल, तर एवढं तरी लिहून ठरवावं. विम्याचा कागदही वाचावा. व्हिसासाठी तीस हजार युरोंचा विमा सक्तीचा असतो, पण जुना आजार त्यात धरला आहे की नाही, हे बारीक अक्षरात असतं.

पैशांचं सांगितलं नाही तर सगळंच अपुरं राहील. आम्ही तीन वर्षं भिशी लावली होती. एका माणसाच्या खर्चात आमच्याकडे एक खोली बांधून होते. खिडकीची खोली महाग, आतली स्वस्त. ज्याने जास्त भरले त्याला खिडकी, असं केलं असतं तर बारा दिवस रोज जेवताना कोण वरचा आणि कोण खालचा हे दिसलं असतं. म्हणून सरासरी काढली आणि खोल्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या. तरीही माझा एक चुलतभाऊ मागे राहिला. तो जिनिंगमध्ये कामाला आहे. दुसऱ्या वर्षी कापसाचा हंगाम बुडाला आणि त्याचे हप्ते थांबले. आम्ही भरतो म्हणालो. तो म्हणाला, मला बोट लागते. जन्मात समुद्र न पाहिलेला माणूस! मोठ्या गोतावळ्यात कोणाला काय 'लागतं' याकडे कान द्यावा. फार आग्रह केला तर माणूस अजून मोठं खोटं बोलतो. त्याचे भरलेले पैसे त्याच्या मुलीच्या नावावर वळवले, उरलेले भिशीतून घातले, आणि ती आली.

ध्रुववृत्त ओलांडताना बोटीवरचे लोक मानेवरून बर्फाचं पाणी ओततात. तिथून पुढे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. अंधार मात्र पूर्ण नसतो. दुपारी दोनेक तास निळसर उजेड येतो, आपल्याकडच्या फजरच्या वेळेसारखा. मग नमाज कधी पढायची? अशा ठिकाणी जवळच्या, रात्र-दिवस होणाऱ्या गावाची वेळ धरावी किंवा मक्केची, असं उलेमा सांगतात. आम्ही मक्केची धरली. ती तिथल्या घड्याळाच्या दोन तास पुढे. मुसाफिराला नमाज थोडकी करण्याची सवलत असतेच. किब्ला दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे. बोट वळली की तोही सरकायचा, तेव्हा सुरुवातीला जी दिशा नीट धरली तीच पुरे.

उत्तरेकडचा तो हिरवा प्रकाश, ज्यासाठी सगळे जातात, तो दिसेलच याची हमी कोणी देत नाही. आकाश निरभ्र हवं आणि सूर्यावर हालचाल हवी. आम्हाला तो एकाच रात्री दिसला, पावणेदोन वाजता. कर्ण्यावरून घोषणा झाली. तेवीसपैकी नऊ जण डेकवर गेले, बाकीच्यांना तीन थर चढवायचा कंटाळा आला. चिठ्ठीत खिडकी मिळालेली अम्मी पलंगावर बसून पाहत होती. 'धाब्यावर कोणी हिरवा दुपट्टा वाळत घातलाय', एवढंच म्हणाली.

आमच्या शेजारच्या काकूंची अडचण वेगळी होती. त्यांची संकष्टी प्रवासात आली. तिथल्या हिवाळ्यात पौर्णिमेच्या आसपास चंद्र मावळतच नाही, चोवीस तास आकाशात फिरत राहतो, आणि त्या दिवशी तर ढगच होते. काकूंनी ठरवलं, आपला चंद्र वर्ध्याचा. नॉर्वेचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे. बोटीवर दुपारचे साडेचार वाजले तेव्हा चुलतभावाच्या मुलीने सेवाग्रामला फोन लावला. तो गच्चीवर उभाच होता. काकूंनी विचारलं, 'निघाला का रे?' तो म्हणाला, 'अजून नाही, काकू. लिंबामागे उजेड आलाय. थांबा, फोन ठेवू नका.'