शाळेची परसबाग

बालवाडी हा शब्द मराठीत आता इतका मुरला आहे, की त्यातील ‘वाडी’ कुणाच्या लक्षातही येत नाही. कोकणपट्टीत वाडी म्हणजे विहिरीच्या पाण्यावर पिढ्यानपिढ्या जोपासलेली नारळी-पोफळी-केळींची बाग. फ्रोबेलने १८४० साली जर्मनीत आपल्या शिशुशाळेला ‘मुलांची बाग’ या अर्थाचे नाव दिले, तेव्हा त्या शाळेत मुलांसाठी खरोखरीचे वाफे होते. माँटेसोरीबाईंनीही रोपांच्या आणि प्राण्यांच्या संगोपनाला आपल्या पद्धतीत स्थान दिले होते. शाळेच्या आवारातील परसबाग ही कोणा खात्याची अलीकडची कल्पना आहे असे समजणाऱ्यांनी हा वंशवृक्ष ध्यानी घ्यावा. त्याची आपल्याकडची सर्वांत मोलाची शाखा जुन्या ठाणे जिल्ह्यातच फुटली.

१९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाई मोडकांनी, शहरातील सुस्थित घरांची मुले हाताशी असताना, १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, जेथे ‘विकासवाडी’ या नावाखाली पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र नांदू लागल्या. वारली मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर नेली, तिला कुरणशाळा म्हणत. विकतच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शेंगा, पाने, खडे आणि शिंपले घेऊन तेथे मोजणी शिकवीत. मुलाच्या शिक्षणाचा आरंभ त्याच्या पायाखालच्या मातीतून आणि हाताशी असलेल्या झाडापाल्यातून व्हावा, हे तत्त्व या दोघींनी जितक्या निष्ठेने आचरले तितके क्वचितच कोणी आचरले असेल. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि त्यातील अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. २०१४ च्या १ ऑगस्टपासून कोसबाड पालघर जिल्ह्यात मोडते. पण ठाणे-कल्याणच्या शाळांनी आपला वारसा शोधायचा तो तेथेच.

आता सांप्रतची व्यवस्था पाहू. शालेय पोषण आहाराची केंद्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. आरंभी मुलांना घरी नेण्यासाठी तांदूळ मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या हुकुमानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. प्राथमिक वर्गातील मुलास दररोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी, उच्च प्राथमिक वर्गात हेच प्रमाण १५०, ३० आणि ७५ ग्रॅम, असा शिरस्ता ठरला. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने शाळांच्या परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि जेथे जमीन नाही तेथे गच्चीवर, कुंड्यांत व डब्यांत लागवड करावी असेही त्यांत सुचवले.

कागदावरचा हिशेब जमिनीवर मांडून पाहिला म्हणजे एक गोष्ट स्वच्छ दिसते. प्राथमिकच्या दोनशे मुलांच्या शाळेला रोजची १० किलो भाजी लागते. परसबाग एक गुंठ्याची धरली, तर जागा होते १०८९ चौरस फूट. एवढ्या जागेतून शाळेच्या प्रत्येक दिवशी इतकी भाजी काढून देणे कसलेल्या माळ्यालाही साधणार नाही. तेव्हा परसबागेचे मोल वजनकाट्यावर ठरवू जाणारा अधिकारी तिला नापासच करील, आणि तो तिच्यावर अन्याय होईल. या बागेचे खरे उत्पन्न म्हणजे परिचय: ताटातली हिरवी वस्तू कोठून आली, ती कशी वाढली, तिला कीड कोणती लागली, याची ओळख असलेले मूल.

लाल माठाचेच उदाहरण घ्या. त्याचे बी मोहरीहूनही लहान, काळेभोर आणि चकचकीत. ते तसेच फेकले तर एका जागी दाट पडते, म्हणून मूठभर बारीक वाळूत मिसळून वाफ्यावर पसरायचे, वरून मातीचा पातळ थर द्यायचा आणि झारीने हलके पाणी शिंपडायचे. चारपाच दिवसांत वाफ्यावर तांबूस रेघ उठते. मग विरळणी, खुरपणी, आणि महिन्याच्या आत खुडणी. ती भाजी भातात कालवताच भात गुलाबी होतो. घरी ‘पाला नको’ म्हणून ताट सारणारे मूल, आपण पेरलेल्या वाफ्याचा तो रंग पाहून घास घेते. ही जादू नव्हे. महिनाभर रोज वाफ्याकडे डोकावणाऱ्याला ती भाजी परकी उरलेलीच नसते.

शरीरश्रमाचा भाग तितकाच महत्त्वाचा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान तासभर अंगमेहनतीची हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. कुदळीने वाफा उकरणे, शेणखत पाटीतून वाहणे, दोडक्या-पडवळाच्या वेलाला मांडव घालणे, यांत कंबर, खांदे आणि मनगट सगळ्यांना काम मिळते, आणि मैदानावर मागे राहणारे मूलही येथे पुढे असते. परदेशांतही हा प्रयोग गांभीर्याने चालतो. कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या एका शाळेत ॲलिस वॉटर्स यांनी १९९५ मध्येच, म्हणजे आपल्या आहार योजनेच्याच वर्षी, बाग आणि स्वयंपाकघर यांची जोड घातली. टेक्सासमधील सोळा प्राथमिक शाळांच्या अभ्यासात बागकाम आणि पाककृती शिकलेल्या मुलांचे भाजी खाणे वाढले. लठ्ठपणात व रक्तदाबात मात्र फरक आढळला नाही. बागेकडून अवास्तव अपेक्षा करणाऱ्यांनी हा दुसरा निष्कर्षही पाहावा.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीची अडचण निराळी आहे. येथे अनेक शाळांना पटांगण म्हणावे असे फरसबंदीचे चौकच काय ते उरले आहेत, आणि शहरी शाळांतील आहार बहुधा मध्यवर्ती स्वयंपाकघरात शिजून डब्यांतून येतो, त्यामुळे वाफा आणि पातेले यांची भेटच होत नाही. माझ्या मते यावर सोपा उपाय कोशिंबिरीचा आहे. मुळा, काकडी, कोथिंबीर यांना चूल लागत नाही. आठवड्यातून एकदा वर्गातच धुऊन, चिरून, दाण्याचे कूट घालून ती वाढता येते. गच्चीवरील लागवडीसाठी पालापाचोळा कुजवून माती करण्याची रीतही आपल्याला नवी नाही, श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने थोड्या जागेत अधिक पिकविण्याचा विचार महाराष्ट्रात घरोघरी नेला होता.

निसर्गाने या भागाला दिलेली एक सवलत मात्र पुरती वापरली जात नाही. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि पाऊसही त्याच सुमारास येतो. तेव्हा मुरबाड-शहापूरकडच्या बाया कल्याण, ठाणे स्थानकांबाहेर शेवळे, भारंगी, कुर्डू, करटोली या रानभाज्या घेऊन बसतात, आणि टाकळा तर शाळेच्या कुंपणालगत आपोआप उगवतो. तण म्हणून तो उपटण्याआधी गुरुजींनी मुलांना त्याची पाने दाखवावीत. सायंकाळी ती मिटतात, आणि कोवळी असताना त्यांची भाजी होते. अशा एखाद्या बाईला मानाने बोलावून शाळेत तासभर बसवले, तर जो पाठ होईल तो कोणत्याही पुस्तकात नाही.

परसबाग मरते ती मे महिन्यात. एप्रिलअखेर शाळा बंद होते, शिपाई गावी जातो, आणि वर्षभर राखलेले आळे दोन आठवड्यांत भेगाळते. शेवगा, कढीपत्ता तग धरतात. बाकीचे जळून जाते, आणि जूनमध्ये मुले पुन्हा कोरड्या ढेकळांपासून आरंभ करतात. शाळेच्या शेजारी राहणाऱ्या वाचकांना म्हणूनच एक विनंती आहे: सुट्टी लागण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटावे, फाटकाची किल्ली कोणाकडे राहील हे ठरवून घ्यावे, आणि आपल्या इमारतीतील चार घरांनी सायंकाळी दोन बादल्या पाण्याची पाळी लावून घ्यावी.