लेस्टरचे ऊन आणि एक छत

आमच्या वडनेर भोलजीत उन्हाचे कौतुक कोणी करीत नाही. इंग्लंडमध्ये मात्र लख्ख ऊन पडले की माणसे घरात थांबत नाहीत. मुलाकडे लंडनला गेलो असता जूनमधील अशाच एका शनिवारी आम्ही रेल्वेने लेस्टरला गेलो. प्रवास सव्वा तासाचा.

लेस्टर हे रोमनकालीन शहर. १४८५ मध्ये रणांगणी पडलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा २०१२ मध्ये येथील वाहनतळाखाली सापडला आणि २०१५ मध्ये कॅथेड्रलमध्ये सन्मानाने पुरण्यात आला. ती समाधी पाहून आम्ही पायीच ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन सेंटरला पोहोचलो.

मूळची ही इमारत चर्चची. समाजाने ती घेऊन दर्शनी भाग पांढऱ्या संगमरवराने मढविला. १९८८ मध्ये प्रतिष्ठा झाली. खिडक्यांच्या रंगीत काचांवर भगवान महावीरांचे जीवनप्रसंग आहेत. श्वेतांबर मंदिर, दिगंबर मंदिर, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्र ज्ञानमंदिर एकाच छताखाली आहेत.

लेस्टरमधील अनेक भारतीय कुटुंबे पूर्व आफ्रिकेतून आली. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना देशाबाहेर काढले, तेव्हा लेस्टरच्या नगर परिषदेने तेथील वृत्तपत्रात ‘येथे येऊ नका’ अशा आशयाची जाहिरात दिली होती. तरीही माणसे आली, दुकाने थाटली, स्थिरावली. आयुष्यभर बँकेत ताळेबंद पाहिलेल्या मला वाटले, सारे गमावलेला व्यापारी प्रथम भागीदार शोधतो, वाटणीचा वाद नव्हे.

आम्ही दिगंबर, सूनबाईंचे माहेर श्वेतांबर. विवाह ठरताना ‘पूजा कोणत्या पद्धतीने?’ या प्रश्नावर दोन्ही घरी बरेच ताणले गेले होते. त्यात माझाही वाटा होता. येथे सूनबाईंनी एका गाभाऱ्यात दर्शन घेतले, मी दुसऱ्यात. नंतर त्या माझ्याबरोबर आल्या आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. कोणीही काही विचारले नाही.

परतताना शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आठवले. आपल्या वऱ्हाडातील ते तीर्थ दोन पंथांच्या वादात चार दशके कुलूपबंद राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडले. परक्या देशात निर्वासितांना जे साधले, ते आपल्याला न्यायालयाकडून मागावे लागले.

गाडीत सूनबाईंना म्हणालो, “त्या वेळी माझे चुकलेच.” त्यांनी हसून डब्यातला खाकरा पुढे केला. सूर्यास्ताला अजून बराच अवकाश होता.