दिवे लावणाऱ्यांच्या घरात

चंदगड तालुक्यात शिक्षणाचे मोल लोकांना चांगले कळते. मुलगा मिलिटरीत गेला, पोलिसात लागला, मुलगी नर्स झाली किंवा शाळेत शिक्षिका झाली, की गावाला ते लगेच उमजते. पगार किती, बदली कुठे, पेन्शन आहे की नाही, हे प्रश्नही ठरलेले आणि उत्तरेही ठरलेली. पंचाईत होते ती संशोधन करणाऱ्या मुलांची. कोल्हापूर, पुणे, बंगळूर अशा ठिकाणी पीएचडी करणारी आमच्या भागातली चार-पाच मुले-मुली माझ्या ओळखीची आहेत. गणपतीला गावी आली की त्यांना हमखास विचारले जाते, "अजून शिकालीस व्हय गं?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. अठ्ठावीस वर्षांचे माणूस 'शिकत' असते म्हणजे दिवसभर नेमके काय करत असते, हे खरोखरच कोणाला ठाऊक नसते.

ते ठाऊक करून घेतले पाहिजे. कारण ही मुले नुसती शिकत नसतात, ती काम करत असतात. शेतावर गडी ठेवताना आपण मजुरी किती, सुट्टी किती, आजारी पडला तर काय, हे आधी बोलून घेतो. देशाच्या विज्ञानाचा गाडा ओढणाऱ्या या तरुणांशी मात्र इतके स्वच्छ बोलणे क्वचितच कोणी करते.

त्यांच्या कामाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. चंदगडचा तिलारी घाट उतरला की दोडामार्ग तालुका लागतो. तिथे २०१६ साली माकडतापाने माणसे आजारी पडली. आधी लगतच्या गोव्यात सत्तरी तालुक्यात तो दिसलाच होता. ऐन काजूच्या हंगामात बागेत जायला माणसे धजेनात. हा आजार काय आहे, तो गोचिडींमार्फत कसा पसरतो, हे डॉक्टरांना सांगता आले. कारण १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या, संशोधकांनी त्याचा छडा लावला होता. अशा शोधात रानातून पांढरी फडकी ओढत नेऊन त्यांना चिकटलेल्या गोचिडी मोजाव्या लागतात. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून आपल्याकडे आलेल्या हत्तींची वाट समजून घ्यायची, तर लिदीचे आणि पावलांचे माग काढत हिंडावे लागते. ही कामे सहसा नव्या माणसांच्याच वाट्याला येतात. शोधनिबंधावर नावे पुष्कळ असतात, चिखलात पाय बहुधा पंचविशी-तिशीतल्या मुलांचे असतात.

महिन्याचे पैसे

आता त्यांचा प्रपंच पाहू. नेट परीक्षेतून ज्याला कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळते, त्याला १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये ठरले आहेत. दोन वर्षांनी कामाचा आढावा घेऊन ती रक्कम ४२,००० होते. शिवाय शहराप्रमाणे घरभाडे. आमच्या भागात हा आकडा ऐकून लोक म्हणतात, बरे आहे की! आकडा वाईट नाही, हे मलाही मान्य आहे. २०१४ साली तो २५,००० होता, २०१९ साली ३१,००० झाला. मात्र वाढ आपोआप होत नाही. २०१८-१९ साली देशभरच्या संशोधकांना प्रयोगशाळा सोडून रस्त्यावर यावे लागले, तेव्हा कुठे फाईल हलली. आणि पाठ्यवृत्ती म्हणजे पगार नव्हे. तिच्यात भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि या वर्षांची सेवा कुठे मोजली जाईल याची हमी नाही.

त्याहून मोठी अडचण वेळेची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पाठ्यवृत्तीत संस्थेने दर महिन्याला पोर्टलवर विद्यार्थ्याची खातरजमा करायची, मग पैसे खात्यात जमा व्हायचे. साखळीतला एक कारकून रजेवर गेला किंवा एक सही राहिली, की महिना कोरडा जातो. माझी एक पुतणी नाचणीवरच्या करपा रोगावर काम करते. गेल्या चार वर्षांत एकदा तिचे पाच महिन्यांचे पैसे थकले. खोलीचे भाडे थांबत नव्हते, आणि पाऊसही थांबत नव्हता. करपा पावसातच वाढतो, तेव्हा नमुने गोळा करायला गावोगाव फिरणे त्याच दिवसांत भाग होते. शेवटी तिच्या वडिलांनी काजूबीच्या पैशातून खर्च चालवला. पाच महिन्यांनी सगळे पैसे एकदम आले. कोणी खाल्ले नव्हते, कोणी अडवलेही नव्हते. फक्त कोणालाच घाई नव्हती. पुतणीच्या घरी काजूची बाग होती म्हणून निभावले. जिच्या घरी बाग नसेल तिने काय करायचे?

आणि ही मुले ज्यांना पाठ्यवृत्ती मिळाली त्यांच्यातली, म्हणजे नशीबवान. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांकडे आशेने पाहणाऱ्यांची कथा आणखी वेगळी. राजर्षी शाहूंच्या नावाने २०१८ साली पुण्यात सुरू झालेल्या सारथीचे उपकेंद्र २०२१ साली कोल्हापुरात आले, तेव्हा आपल्या जिल्ह्याला साहजिकच आनंद झाला. पण डिसेंबर २०२३ मध्ये पाठ्यवृत्तीधारकांची संख्या दोनशेवर आणल्याचा प्रश्न विधान परिषदेत निघाला, आणि तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांच्या तोंडून उद्गार निघाले की पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार? पुढे त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. त्याच महिन्यात या तिन्ही संस्थांसाठी झालेल्या चाळणी परीक्षेत २०१९ सालच्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका आल्याचे उघड झाले आणि जानेवारीत ती परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. मंत्र्यांच्या वाक्यावर आपण सगळे रागावलो. पण खरे सांगायचे तर गणपतीत आपण विचारतो तो प्रश्न आणि तो उद्गार यांच्यात फार अंतर नाही. संशोधन हे काम आहे, ही गोष्ट दोन्हीकडे मनात उतरलेली नाही.

एकाच माणसाची मर्जी

पैशाचे दुखणे दिसते तरी. न दिसणारे दुखणे मार्गदर्शकाचे. पीएचडीच्या विद्यार्थ्याचा विषय, प्रयोगाचे साहित्य, रजा, परिषदेला जाण्याची परवानगी, शोधनिबंधातल्या नावांचा क्रम आणि पुढच्या नोकरीचे शिफारसपत्र, हे सारे बहुधा एकाच माणसाच्या हाती असते. तो माणूस भला असेल तर विद्यार्थ्याचे सोने होते. नसेल तर दाद कोणाकडे मागायची? तक्रार करावी तर पाच वर्षांची मेहनत पणाला लागते.

ही गोष्ट आजची नाही. १९३३ साली मुंबईची पदवी घेतलेली एक मराठी मुलगी, कमला भागवत, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनासाठी गेली. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. ती हटली नाही, तेव्हा अटींवर घेतले: एक वर्ष परीक्षेचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचे, आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. त्या मुलीने वर्षभरात रामन यांचे मत बदलायला लावले. पुढे १९३९ साली केंब्रिजची पीएचडी मिळवून ती, म्हणजे आपल्या कमलाबाई सोहोनी, विज्ञानात ती पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. आपण ही कथा जिद्दीची म्हणून मुलांना सांगतो, आणि सांगावीच. पण तिची दुसरी बाजूही पाहावी. त्या काळी अशा अटी ऐकून माघारी फिरलेल्या मुली किती असतील, त्यांची नावे कोणत्या पुस्तकात आहेत? ज्या व्यवस्थेत टिकायला असामान्य जिद्द लागते, ती व्यवस्था साधारण बुद्धिमान, साधारण भिडस्त मुलांना गाळून टाकते. विज्ञान तर बरेचसे अशाच माणसांच्या रोजच्या कामावर चालते.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली कोल्हापूरचा. केंब्रिजमध्ये ते फ्रेड हॉईल यांचे विद्यार्थी होते. १९६१ साली मार्टिन राईल या नामांकित शास्त्रज्ञाने हॉईल यांच्या सिद्धांतावर जोरदार हल्ला चढवला, तेव्हा रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत उत्तर द्यायला हॉईल यांनी या नवख्या विद्यार्थ्याला उभे केले. पुढे स्थिर विश्वाचा तो सिद्धांत मागे पडला, पण विद्यार्थ्यावर टाकलेला तो विश्वास वाया गेला नाही. त्याच नारळीकरांनी १९८८ साली पुण्यात 'आयुका' उभारली. ज्यांच्या महाविद्यालयात ना दुर्बीण ना ग्रंथालय, अशा अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी तिथे येऊन काम करावे, हा तिच्या स्थापनेमागचा एक मुख्य हेतू होता. चांगली वागणूक माणूस आपल्या गुरूकडून शिकतो आणि पुढे देतो. वाईट वागणूकही तशीच पुढे जाते, हे मात्र विसरू नये.

नियम कागदावर आहेत

'चांगला गाईड मिळायला नशीब लागते,' असे मुले म्हणतात. मला हे वाक्यच खटकते. नशीब लॉटरीला लागावे, नोकरीला नव्हे. नियम अगदी नाहीत असेही नाही. आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत पीएचडीची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे सांगितली आहे, आणि पुनर्नोंदणी करून ती वाढवता येते. महिलांना त्यावर दोन वर्षे ज्यादा आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची व बालसंगोपनाची रजा आहे. प्राध्यापकाने एका वेळी आठांहून, सहयोगी प्राध्यापकाने सहांहून आणि सहायक प्राध्यापकाने चारांहून अधिक विद्यार्थी घेऊ नयेत, असे बंधन आहे. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी सल्लागार समिती हवी आणि तिच्यापुढे दर सहामाहीला काम मांडायचे, हेही लिहिलेले आहे.

माझ्या पुतणीला हातभार लागला तो या समितीचाच. एका टप्प्यावर तिचे आणि मार्गदर्शकांचे पटेनासे झाले, आठ-आठ दिवस बोलणे होईना, आणि ती सारे सोडून गावी परतायच्या बेतात होती. समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी दोघांना समोरासमोर बसवले. दर पंधरा दिवसांनी भेट ठरली, कोणता भाग कधी संपवायचा ते लिहून झाले, आणि त्या बाई सहमार्गदर्शक झाल्या. कोणाची मानहानी झाली नाही. अडीच तासांच्या त्या बैठकीने चार वर्षांचे काम वाचले. पण पुष्कळ ठिकाणी अशी समिती सहीपुरती बसते. ती खरोखर बसावी, विद्यार्थ्याला मार्गदर्शकाच्या अपरोक्ष बोलता यावे, नावांचा क्रम काम सुरू होतानाच ठरावा, आणि पाठ्यवृत्ती ठरल्या तारखेला यावी, न आल्यास उशिराचा जाब एका नेमक्या अधिकाऱ्याने द्यावा. यातल्या कशालाही मोठी इमारत किंवा महागडे यंत्र लागत नाही. नेदरलँड्ससारख्या देशात पीएचडी करणारा बहुधा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. त्याला करार मिळतो, रजा मिळते, निवृत्तिवेतनाचा हप्ताही पडतो. आपल्याला तितके आज जमणार नाही, पण दिशा तीच हवी.

पीएचडीनंतरची वर्षे तर आणखी अधांतरी. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल पाठ्यवृत्ती दोन वर्षांची, आणि तिला वयाची साधारण अट पस्तिशीची. ती संपली की अनेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरचे अध्यापन येते. घेतलेल्या तासांचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते जूनमध्ये कळणार. अशा माणसाने दहा वर्षे चालणारा प्रयोग हाती घ्यावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

घरच्यांचे काम

सरकारने आणि विद्यापीठांनी करायचे ते त्यांनी करावे. पण एक भाग आपल्या उंबऱ्याच्या आतला आहे. संशोधनात दहा प्रयोगांतले आठ फसतात. शेतकऱ्याच्या घराला हे खरे तर समजावून सांगावे लागू नये. एका पावसाने पीक गेले म्हणून आपण शेतकऱ्याला नापास म्हणत नाही. मग प्रयोग फसला म्हणून रडवेल्या आवाजात फोन करणाऱ्या मुलीला 'तरी सांगत होतो बी.एड. कर' असे का म्हणावे? लग्नाचा विषय निघतो तेव्हा मुलाची पीएचडी बायोडाटावर ठळक छापायची आणि मुलीची 'लग्नानंतर बघू' म्हणून बाजूला ठेवायची, हेही आपल्याच घरांत चालते. प्रबंधाचे शेवटचे वर्ष आणि लग्नाची घाई एकाच वेळी मुलीवर लादली, तर आयोगाने दिलेली दोन वर्षे ज्यादा काय कामाची?

आणखी एक करता येईल. मुले गावी आली की 'कधी संपणार?' याऐवजी 'सध्या काय काम चाललंय?' असे विचारावे. उत्तर सगळे समजेल असे नाही. पण आपल्याच नाचणीवरच्या करप्याबद्दल, आपल्याच बागेतल्या गोचिडीबद्दल ते असेल, तर समजून घेण्यात आपलाही फायदा आहे. पैसे वेळेवर येतात का, गाईड नीट वागतात का, रात्री प्रयोगशाळेतून खोलीवर जायला सोबत असते का, हे प्रश्न आपण मिलिटरीतल्या मुलाला विचारतो तितक्याच अगत्याने विचारावेत. घरी विचारणारे कोणी आहे हे कळले, की मूल बाहेरही विचारायला शिकते.

पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार, याचे उत्तर ती देतील, त्यांच्या वेळेने देतील. दिवा लागायला हवा असेल तर तेल आणि वात पुरवणे आणि वारा अडवणे, हे काम मात्र त्यांचे नव्हे. ते तुमचे आणि माझे आहे.