ज्युरीचा नकार

आरोपीचे कृत्य पुराव्याने सिद्ध झालेले असतानाही, मुळात तो कायदाच अन्याय्य आहे किंवा या माणसाला तो लावणे अन्यायाचे होईल, अशा भावनेने ज्युरी, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेले पंच, त्याला निर्दोष ठरवतात, तेव्हा त्या निर्णयाला ‘ज्युरी नलिफिकेशन’ म्हणतात. हा अधिकार सहसा कोणी ज्युरीला उघडपणे बहाल केलेला नसतो. दिलेल्या निर्णयाबद्दल पंचांना शिक्षा करता येत नाही आणि निर्दोष सुटलेल्यावर अमेरिकेत त्याच आरोपासाठी पुन्हा खटला भरता येत नाही, या दोन नियमांच्या सांध्यातून तो उपजला आहे.

यांतील पहिला नियम मोठी किंमत मोजून मिळाला. १६७० मध्ये लंडनच्या रस्त्यावर प्रवचन करणाऱ्या क्वेकर पंथीय विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्यावर बेकायदा जमाव जमवल्याचा खटला ओल्ड बेली न्यायालयात चालला. पेन रस्त्यावर बोलला, एवढेच मान्य करून ज्युरीने त्याला दोषी म्हणण्याचे नाकारले, तेव्हा त्या बारा जणांना अन्न, पाणी, शेकोटी आणि तंबाखूही न देता दोन रात्री कोंडून ठेवण्यात आले. तरीही त्यांनी दोघांना निर्दोषच ठरवले. प्रत्येकाला चाळीस मार्कांचा दंड झाला. एडवर्ड बुशेल याने तो न भरता तुरुंग पत्करला आणि त्याच्या अर्जावर मुख्य न्यायाधीश जॉन व्हॉन यांनी, निर्णयासाठी पंचांना दंड करता येत नाही, असे ठरवून त्याला मुक्त केले.

पळून आलेल्या गुलामांना साहाय्य करणाऱ्यांना दोषी ठरवण्यास अमेरिकेच्या उत्तरेकडील काही ज्युरींनी नकार दिला, हे या अधिकाराचे सर्वांत उजळ रूप होय. मात्र १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाच्या आरोपींना सर्व गोऱ्या पंचांनी तासाभराच्या विचारविनिमयानंतर सोडून दिले, आणि पुढे त्याच आरोपींनी एका मासिकात खुनाची कबुली दिली, तरी कायद्याला काही करता आले नाही. पंचांच्या विवेकाला मिळणारे संरक्षण त्यांच्या द्वेषालाही तितकेच मिळते, ही या व्यवस्थेची खरी जखम आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये स्पार्फ खटल्यात पंचांनी कायदा न्यायाधीशांकडूनच घ्यावा असे सांगितले, त्यामुळे आजही तेथील बहुतेक न्यायालयांत पंचांना या अधिकाराची जाणीव करून दिली जात नाही. धोका खरा असला, तरी ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांच्यापासूनच तो दडवून ठेवणे समर्थनीय वाटत नाही.

मुंबईच्या नानावटी खटल्याचा उल्लेख या संदर्भात हमखास होतो. तेथे नऊपैकी आठ पंचांनी नौदल अधिकारी कावस नानावटी यांना खुनाच्या आरोपात निर्दोष ठरवले, परंतु भारतातील कायदा वेगळा होता: १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ नुसार, पंचांचा निर्णय न पटल्यास सत्र न्यायाधीशाला ते प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवता येत असे. न्यायाधीश रतिलाल मेहता यांनी तसेच केले, उच्च न्यायालयाने नानावटींना दोषी ठरवून जन्मठेप दिली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पंचांचा नकार हा येथे अखेरचा शब्द नव्हता. नानावटींची सुटका १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांच्या माफीने झाली, आणि १९७३ च्या नव्या संहितेत ज्युरीला स्थानच उरले नाही.